कोरोनात सरकारनं कसं काम केलं, हे लोकांच्याकडनं मोजायचं कसं? प्रोजेक्ट अडकलाय

शिरोळचा_पोरगा:
नमस्कार मंडळी, एमए दुसऱ्या वर्षाला आहे, कोल्हापुरातच. प्रोजेक्टला विषय घेतलाय की कोरोनाच्या काळात सरकारनं जे काय केलं त्याबद्दल जिल्ह्यातल्या लोकांचं मत काय. गूगल फॉर्म केला, तालमीच्या, पाहुण्यांच्या अन कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, दोन दिवसात तीनशेच्या वर उत्तरं आली म्हणून मी खुशीत होतो. सरांनी बघितलं अन म्हणाले हे जिल्ह्याचं मत न्हवं, तुझ्या मोबाईलमधल्या लोकांचं मत आहे. मग अजून हजार उत्तरं गोळा केली तर चालेल का? दुसरं, नेटवर ऑक्सफर्डचा एक इंडेक्स सापडलाय, ० ते १००, भारताचा २०२० च्या लॉकडाऊनला थेट १०० दाखवतोय, तोच वापरला तर? फॉर्मातला मेन प्रश्न असा आहे: ‘सरकारने लॉकडाऊन आणि लसीकरण योग्य प्रकारे हाताळले का?’ हो किंवा नाही. तीन आठवडे हातात आहेत, कुणीतरी वाट दाखवा.

करवीर_आकडेमोड:
भावा, सर बरोबर बोलल्यात. हजार काय दहा हजार गोळा केलास तरी त्याच ग्रुपमधनं आले तर चूक तीच राहणार, फक्त मोठी दिसणार. अमेरिकेत २०२१ ला हेच झालं बघ. फेसबुकवरनं एक सर्व्हे चाललेला, आठवड्याला अडीच लाखाच्या आसपास उत्तरं, त्यात लस घेतलेल्यांचं प्रमाण मे महिन्यात सरकारी नोंदीपेक्षा १७ टक्के पॉइंटांनी जास्त आलं. त्याच वेळी दुसऱ्या एका सर्व्हेत प्रत्येक फेरीला जेमतेम हजार माणसं होती, पण ती नीट निवडलेली, अन त्यांचा आकडा खऱ्याच्या जवळ होता. नंतर ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात यावर पेपर आला, तो काढून वाच, तुझ्या पहिल्या चॅप्टरला तेवढाच पुरेल.

ऑक्सफर्डचं म्हणशील तर ते मत मोजतच नाही. शाळा बंद, ऑफिसं बंद, प्रवासबंदी, असे नियम किती कडक होते ते मोजतं. १०० म्हणजे सगळं कुलूपबंद, त्यात लोकांना बरं वाटलं का वाईट हे कुठंच नाही. मत मोजलंय ते प्यू रिसर्च या अमेरिकेतल्या सर्व्हे करणाऱ्या संस्थेनं, २०२० च्या उन्हाळ्यात १४ देशात फोन करून. आपल्या देशानं साथ चांगली हाताळली की वाईट, एवढाच साधा प्रश्न. डेन्मार्कात ९५ टक्के चांगली म्हणाले, ब्रिटनमध्ये ४६. भारत त्यात नव्हता, त्यामुळं तुझ्या कामाला किंमत आहे, सोडू नकोस.

गावभागातला:
मी बरीच वर्षं सर्व्हेच्या कामावर दारोदार फिरलोय म्हणून सांगतो, तुझा प्रश्नच आधी मोड. एकात दोन गोष्टी हायत. माझ्या आईला लस वेळेत मिळाली पण दुकान चार महिने बंद होतं, तिनं हो म्हणायचं का नाही?

अन ‘सरकार’ म्हणजे कोण? दिल्लीचं, मुंबईचं, महापालिका, का गावातली दक्षता समिती जिनं वेशीवर बाभळीच्या काटेरी फांद्या टाकून रस्ता अडवलेला? प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं असतंय. काळाचंही तसंच. मार्च २०२० ला थाळ्या वाजवणारा माणूस २०२१ च्या जून-जुलैत चिडलेला होता, कारण बाकीच्या गावात दुकानं उघडलेली अन आपल्याकडं पॉझिटिव्हिटी रेट जास्त म्हणून बंद, व्यापारी रस्त्यावर उतरलेले. त्यातच जुलैत महापूर आला. आज त्याला विचारलंस की सरकारनं कसं केलं तर तो पुराचा पंचनामा अन कोरोना एकत्र करूनच सांगणार. म्हणून प्रसंग धरून विचार: पहिला लॉकडाऊन, मग दुसऱ्या लाटेत बेड अन ऑक्सिजन, मग लस, मग दुकानं. प्रत्येकाला वेगळा प्रश्न, वेगळं सरकार, अन उत्तराला पाच पायऱ्या, दोन चांगल्या, दोन वाईट, मधली एक. ‘सांगता येत नाही’ पण ठेव, ते पण उत्तरच असतंय.

आशाताई_हातकणंगले:
बाळा, मी आशा म्हणून काम करते. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ला आम्ही घरोघरी फिरलो, ताप बघायचो, ऑक्सिजन बघायचो, कुणाला काय आजार ते लिहायचो. तेव्हा लोक आम्हाला खरं सांगत नव्हते. खोकला असला तरी नाही म्हणायचे, कारण नाव लिहिलं की उचलून नेतील अन दारावर पट्टी लावतील ही भीती. एका घरात म्हातारी आतल्या खोलीत झोपलेली, बाहेर सून सांगते सासू माहेरी गेल्यात. मी तिला दोष देत नाही, तिच्या जागी मी असते तर मीपण तेच केलं असतं. म्हणून सांगते, तू गळ्यात आयकार्ड घालून, हातात कागद घेऊन सरकारबद्दल विचारशील तर सगळं चांगलंच झालं म्हणतील. आधी सांग की कॉलेजचा पोरगा आहे, नाव लिहिणार नाही, अन खरंच लिहू नको. आणि दारात पुरुष बोलतात, बायका आत राहतात. लॉकडाऊनमध्ये चूल कशी पेटली हे आतल्या बाईला ठाऊक आहे.

करवीर_आकडेमोड:
ताई लाख बोललात. यावर सोपा उपाय आहे, घरात गेल्यावर ज्याचा पुढचा वाढदिवस सगळ्यात जवळ असेल त्या मोठ्या माणसालाच विचारायचं, मग कर्ता पुरुष असो नाहीतर सून. घरं मतदार यादीतनं ठरावीक अंतरानं उचल. चारशे जण झाले तर साधारण ५ टक्के इकडंतिकडं, तुला बास आहे. १२ तालुके जमणार नाहीत, तीन भाग घे, शहर, इचलकरंजीकडचा पट्टा अन चंदगड नाहीतर गगनबावडा, अन रिपोर्टात स्पष्ट लिही की हे या तीन भागांचंच आहे.

शिरोळचा_पोरगा:
सगळ्यांचे आभार, रात्री बसून प्रश्न नव्यानं लिहितो. एकच शंका, मतदार यादी घेतली तर ऊसतोडीच्या टोळ्या अन शिरोलीच्या फाउंड्रीतले परराज्यातले कामगार सुटतात की. आमच्या शेतातच २०२० ला टोळी होती, गावाकडं जायला मिळेना, लेकरंबाळं घेऊन कोप्यात, म्हणजे पाचटाच्या झोपड्यात, बसलेली, एप्रिलात परवानगी आल्यावर निघाली.

गावभागातला:
सुटतातच. अन सगळ्यात जास्त सोसलेली माणसं तीच. चारशेत मिसळू नकोस, त्यांचं वेगळं कर. टोळ्यांना संध्याकाळी कोप्यावर गाठ, दिवसा फडात बोलायला सवड नसती. वीस-पंचवीस जणांशी निवांत बोल, टक्केवारी काढू नकोस, ते बोलतील तसंच उतरवून घे.

आशाताई_हातकणंगले:
आमच्या गावाजवळ टोळी उतरली की सांगते. मी बरोबर येते, बायका माझ्याशी बोलतील.