मदत हवी आहे: डिरेक्टरीत ओबी (बाळंतपणाची डॉक्टर) इन-नेटवर्क दिसते, क्लिनिक नाही म्हणतं. खात्री कशी करायची?

अर्धविराम
अमेरिकेतल्या जाणकारांनी कृपया सांगा. नोकरी बदलल्यामुळे येत्या १ तारखेपासून आमचा इन्शुरन्स बदलतोय, नवा प्लॅन ईपीओ (ठराविक नेटवर्कपुरताच) आहे. बायकोला पाचवा महिना आहे आणि मुलगी चार वर्षांची, त्यामुळे ओबी आणि पीडियाट्रिशन दोन्ही शोधायचेत. इन्शुरन्स कंपनीच्या ऑनलाइन डिरेक्टरीत दोन ओबी इन-नेटवर्क (म्हणजे कंपनीशी करार असलेल्या) दिसताहेत. एका क्लिनिकने फोनवर "वी टेक दॅट इन्शुरन्स" म्हटलं, दुसऱ्याने सरळ नाही म्हटलं. कोणाचं खरं धरायचं?

सुपारी_कातर
दोघांचंही लगेच धरू नका. "वी टेक दॅट इन्शुरन्स" म्हणजे ते त्या कंपनीला क्लेम पाठवतात, एवढंच. आउट-ऑफ-नेटवर्क क्लिनिकंही क्लेम पाठवतात. आणि ईपीओत इमर्जन्सी सोडली तर नेटवर्कबाहेरचं बिल सहसा पूर्ण तुमच्या माथी. पीपीओत (नेटवर्कबाहेरही थोडं देणारा प्लॅन) निदान काही टक्के तरी सुटतात.

मुळात एकाच इन्शुरन्स कंपनीची अनेक नेटवर्क असतात. मोठं पीपीओ, लहान ईपीओ, मार्केटप्लेसचं (नोकरीतून न मिळता स्वतः घ्यायच्या प्लॅनचं) आणखी वेगळं. कार्ड हातात घ्या. कंपनीच्या लोगोशिवाय कोपऱ्यात किंवा मागच्या बाजूला नेटवर्कचं नाव छापलेलं असतं. चौकशी त्या नावाने करायची. कार्ड आलं नसेल तर एचआरकडे बेनिफिट्सच्या कागदांत ते मिळेल.

डिरेक्टरी बघताना मेंबर अकाउंटने लॉग-इन करा. पाहुणा म्हणून शोधलं की साइट प्लॅन निवडायला सांगते, आणि तिथे सारख्या दिसणाऱ्या नावांतून चुकीचं निवडलं की पुढची सगळी यादीच चुकीची.

कोकणकडा
वरच्यात भर. डॉक्टर एक आणि पत्ते तीन, हा नेहमीचा घोळ. करार बऱ्याचदा प्रॅक्टिसच्या टॅक्स आयडीवर (कर-नोंदणी क्रमांकावर) असतो. तीच डॉक्टर सोमवारी एका ग्रुपच्या क्लिनिकमध्ये इन-नेटवर्क आणि गुरुवारी दुसऱ्या ग्रुपच्या क्लिनिकमध्ये आउट असू शकते. डिरेक्टरीत मात्र तिच्या नावापुढे सगळे पत्ते दिसतात.

म्हणून रिसेप्शनला न विचारता बिलिंगवाल्या माणसाशी बोला. तीन गोष्टी मागा: डॉक्टरचा एनपीआय (हा १० आकडी ओळख नंबर सार्वजनिक रजिस्ट्रीतही सापडतो), क्लेम ज्या टॅक्स आयडीखाली जाणार तो, आणि अपॉइंटमेंट असेल तो नेमका पत्ता. मग कार्डामागच्या नंबरवर फोन करून हे तिन्ही वाचून दाखवा आणि विचारा, "१ तारखेपासून, या नेटवर्कमध्ये, या पत्त्यावर इन-नेटवर्क आहे का?" तारीख आवर्जून सांगा, कारण करार महिनाअखेरीला संपत असेल तर आजचं "हो" तुमच्या कामाचं नाही.

फोन ठेवण्याआधी कॉलचा रेफरन्स नंबर आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून घ्या. मेंबर अकाउंटमधून हाच प्रश्न लेखी मेसेजने पाठवलात तर उत्तम, उत्तर लेखी राहतं. डिरेक्टरीच्या पानाचा स्क्रीनशॉट तारीख दिसेल असा काढून ठेवा.

अर्धविराम
धन्यवाद दोघांनाही. एवढं करूनही डिरेक्टरी चुकीची निघाली तर?

पोटकलम
मग तो स्क्रीनशॉट कामाला येतो. नो सर्प्रायझेस कायदा (अनपेक्षित वैद्यकीय बिलांविरुद्धचा) २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार प्लॅनने डिरेक्टरीतली माहिती किमान दर ९० दिवसांनी पडताळायची असते. एखादा डॉक्टर नेटवर्कमध्ये आहे का असं फोनवर विचारलंत तर एका कामकाजाच्या दिवसात उत्तर द्यावं लागतं. त्यांच्या चुकीच्या माहितीवर विसंबून तुम्ही गेलात, तर तुमच्याकडून इन-नेटवर्कइतकाच वाटा घेता येतो आणि तो इन-नेटवर्क डिडक्टिबलमध्ये (इन्शुरन्स सुरू व्हायच्या आधी स्वतः भरायच्या रकमेत) धरावा लागतो.

हे आपोआप होईल अशी आशा मात्र ठेवू नका. क्लेम आधी आउट-ऑफ-नेटवर्क म्हणूनच निघतो. ईओबी (क्लेमचा हिशोब सांगणारं कंपनीचं पत्र) आला की लेखी अपील करायचं, सोबत स्क्रीनशॉट आणि रेफरन्स नंबर जोडायचा. अंतर्गत अपिलाला नकाराच्या सूचनेपासून १८० दिवस मिळतात. तोवर क्लिनिकच्या बिलिंगला "अपील चालू आहे, खातं होल्डवर ठेवा" असं कळवा, नाहीतर ते बिल कलेक्शनकडे (वसुली एजन्सीकडे) जाऊ शकतं.

शेवंती
बाळंतपण आहे म्हणून वेगळं लिहिते. ओबी इन-नेटवर्क असणं पुरत नाही. तिला जिथे डिलिव्हरी करता येते ते हॉस्पिटलही तुमच्या नेटवर्कमध्ये हवं. डिरेक्टरीत हॉस्पिटल फॅसिलिटी म्हणून वेगळं शोधावं लागतं. त्यामुळे आधी हॉस्पिटल ठरवून तिथे डिलिव्हरी करणाऱ्या ओबी शोधणं जास्त सोपं जातं.

एपिड्युरल (कळा कमी करायला पाठीत देतात ते इंजेक्शन) देणारा अॅनेस्थेशियाचा डॉक्टर तुम्ही निवडत नाही, पण त्याची धास्ती नको. इन-नेटवर्क हॉस्पिटलमध्ये अॅनेस्थेशिया, रेडिओलॉजी, पॅथॉलॉजी आणि निओनेटॉलॉजीचे (नवजात बाळांचे) डॉक्टर आउट-ऑफ-नेटवर्क असले, तरी वरच्याच कायद्याने जास्तीचं बिल लावू शकत नाहीत. हक्क सोडल्याची सही मागायलाही त्यांना मनाई आहे. रस्त्यावरची अॅम्ब्युलन्स मात्र या कायद्यात येत नाही.

खरी गोची लॅबची. क्लिनिकमध्ये रक्त काढतात आणि नमुना त्यांच्या नेहमीच्या लॅबला जातो. ती तुमच्या नेटवर्कमध्ये नसेल तर बिल घरी येतं, आणि क्लिनिकमधून गेलेल्या अशा नमुन्याला वरचं संरक्षण सहसा मिळत नाही. जेनेटिक टेस्टचं हे हमखास होतं. सुई टोचायच्या आधी विचारा: "कोणत्या लॅबला पाठवताय?" लॅब नेटवर्कमध्ये नसेल तर ऑर्डर कागदावर घ्या आणि नेटवर्कमधल्या लॅबच्या सेंटरवर जाऊन रक्त द्या.

क्लिनिक हॉस्पिटलच्या मालकीचं असेल तर फॅसिलिटी फी (जागेचं वेगळं शुल्क) लागते का, हेही विचारून घ्या. सगळं इन-नेटवर्क असूनही ती लागू शकते.

अर्धविराम
सध्याची ओबी बायकोला सोडायची नाहीये, पण ती नव्या नेटवर्कमध्ये नाही. काही करता येईल?

पोटकलम
डॉक्टरचा करार संपून ती नेटवर्कबाहेर गेली, तर गरोदर बाईला ९० दिवसांपर्यंत जुन्याच दराने उपचार चालू ठेवायचा हक्क आहे. तुम्ही स्वतः प्लॅन बदलताय, त्याला हा नियम लागत नाही. पण बऱ्याच कंपन्यांचा ट्रान्झिशन ऑफ केअर (जुन्या डॉक्टरकडे उपचार काही काळ चालू ठेवायचा) नावाचा फॉर्म असतो. नवा प्लॅन सुरू व्हायच्या आधीच तो मागवा, ओबीच्या ऑफिसकडून त्यांचा भाग भरून घ्या. मंजुरी लेखी हातात येईपर्यंत पुढची अपॉइंटमेंट नव्या प्लॅनवर धरू नका. आणि त्या मंजुरीत डिलिव्हरी आणि हॉस्पिटल येतं का, तेही वाचा. नुसत्या ऑफिस व्हिजिट मंजूर होऊन उपयोग नाही.

सुपारी_कातर
पीडियाट्रिशनसाठी "अॅक्सेप्टिंग न्यू पेशंट्स" हा फिल्टर लावा, पण त्यावर भरवसा ठेवू नका, फोन कराच. प्लॅन पीसीपी (तुमचा मुख्य डॉक्टर) नेमायला लावत असेल तर मुलांसाठी पीडियाट्रिशनला पीसीपी नेमता येतं, आणि ओबीकडे जायला रेफरल (त्या डॉक्टरची चिठ्ठी) लागत नाही.

बाळासाठीही त्याच डॉक्टरला आत्ताच विचारा, आणि तुमच्या हॉस्पिटलमध्ये बाळ बघायला ते येतात का तेही. बाळाचं नाव प्लॅनमध्ये घालायला एम्प्लॉयर प्लॅनमध्ये जन्मापासून किमान ३० दिवस मिळतात. त्या मुदतीत एचआरला कळवलं तर कव्हर जन्मतारखेपासून धरतात. सोशल सिक्युरिटी नंबरची वाट बघत बसू नका, तो नंतर देता येतो.