चर्चा धागा: गोंडीतून शाळा म्हणजे मुलांचे नुकसान आहे काय?

धानोरा तालुका

आमच्या गडचिरोली जिल्ह्यातील मोहगावच्या गोंडी शाळेविषयी काल येथे एका सदस्याने लिहिले की, ज्या भाषेत तलाठ्याची परीक्षा होत नाही त्या भाषेतून मुलांना शिकवणे म्हणजे त्यांना जंगलातच अडकवून ठेवणे होय. आधी त्यांना मराठी-इंग्रजी नीट शिकवा, असेही त्यांचे म्हणणे होते. ते वाचून मला रात्री झोप लागली नाही, म्हणून स्वतंत्र धागा काढून उत्तर देत आहे.

मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. शिक्षण हक्क कायद्याखालील मान्यता नाही, या कारणावरून २०२२ मध्ये शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. त्याच कायद्याचे कलम २९ सांगते की, शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करावी असे सांगणारे कलम ३५०-क राज्यघटनेत १९५६ पासून आहे. कायदा आमच्या बाजूने बोलतो आणि नोटीसही आम्हालाच येते, याचा राग आम्हाला येऊ नये काय?

आमच्या भागातील पहिलीच्या वर्गात एकदा जून महिन्यात येऊन बसावे. गुरुजी 'पाटी काढा' म्हणतात आणि मुले त्यांच्या तोंडाकडे नुसती पाहत राहतात. मग चौथीतल्या कोणाच्या तरी बहिणीला बोलावून आणतात. ती दारात उभी राहून गोंडीत सांगते आणि आपल्या वर्गात परत जाते. जे मूल आजीबरोबर मोहफुलांच्या टोपल्या उंदी, रंड, मूंद असे न चुकता मोजते, तेच फळ्यापुढे मुके होते आणि वर्षअखेरीस 'गणितात कच्चे' ठरते. त्याला गणित येते. ते दाखवण्याची संधी शाळा देत नाही.

कोथरूड

ते विधान माझेच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. कलमे मलाही ठाऊक आहेत. चौथीनंतर ही मुले कोठे जाणार, एवढेच मला सांगा. मान्यता नसलेल्या शाळेचा दाखला पाचवीच्या प्रवेशाला चालणार नसेल, तर सहा वर्षांच्या मुलांना न्यायालयीन लढाईच्या पुढच्या रांगेत उभे करण्याचा अधिकार ग्रामसभेला कोणी दिला?

धडगाव

मी पावरा आहे, त्यामुळे मला आदिवासींच्या वतीने कोणी समजावून सांगू नये. संस्कृती टिकली पाहिजे असे सांगणाऱ्या कार्यकर्त्यांची स्वतःची मुले कोणत्या शाळेत जातात, हे मी सर्वांत आधी विचारतो.

आश्रमशाळेत पावरीत बोललो म्हणून मी छड्या खाल्ल्या आहेत, आणि त्या शिक्षकाला मी आजही माफ केलेले नाही. तरीही तेथे शिकलेली मराठीच पुढे कामाला आली. वडिलांचा वनहक्काचा दावा त्रुटी काढून परत पाठवला गेला, तेव्हा त्या कागदावर काय लिहिले आहे हे आमच्या घरात फक्त मला वाचता आले. माझी मुलगी आज आदिवासी विकास विभागाच्या योजनेतून इंग्रजी माध्यमाच्या नामांकित निवासी शाळेत शिकते. तिला पावरी आली पाहिजे ही माझी जबाबदारी आहे आणि ती मी सुट्टीत पार पाडतो.

मेळघाट, निवृत्त शिक्षक

आपण दोघेही भाषेवर भांडत आहात, पण शिकवणार कोण याचा विचार कोणीच करत नाही. चिखलदऱ्याकडे बदली म्हणजे शिक्षा, असे आमच्या खात्यात सर्रास मानले जाते. जो येतो तो पहिल्या दिवसापासून परत जाण्याच्या खटपटीत असतो. मी कोरकू शिकलो ते प्रशिक्षणात नव्हे, तर शाळा सुटल्यावर ढाण्यात, म्हणजे कोरकू वस्तीत, लोकांच्या ओट्यावर बसून. आणि मुले माझ्याशी मोकळेपणाने बोलू लागली त्याच सुमारास माझी बदली झाली. माझ्या जागी आलेल्या गुरुजींना कोरकूचा एक शब्द येत नव्हता आणि निवडणुकीची, सर्वेक्षणाची कामे सांभाळून तो शिकायला त्यांना वेळही नव्हता.

राज्यपालांच्या २०१४ च्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील शिक्षकांची पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखून ठेवली, हे चांगलेच झाले. परंतु स्थानिक म्हणजे त्याच भाषेचा असे नव्हे. गोंड शिक्षकाला कोरकू येत नाही, कारण एक भाषा द्राविडी कुळातील आणि दुसरी मुंडा कुळातील. नेमणूक करताना उमेदवाराची भाषा विचारलीच जात नसेल, तर मोहगावसारख्या शाळा आणखी निघाल्या तरी त्यांना शिक्षक कोठून मिळणार?

बोरिवली

मला वेगळीच गोष्ट खटकते. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय आला, तेव्हा आपण सर्वांनी एकच मुद्दा मांडला होता की, एवढ्या लहान वयात घराबाहेरची भाषा लादली तर मुलाचे शिकणेच अडते. सरकारला जूनअखेर माघार घ्यावी लागली आणि आपण पेढे वाटले. मग भामरागडच्या माडिया आदिवासी मुलाला हाच न्याय का नको? त्याच्यासाठी मराठी ही घराबाहेरचीच भाषा आहे.

गिरगाव

ही तुलना संतापजनक आहे. मराठीला हिंदीच्या शेजारी आक्रमक म्हणून उभे करताना आपल्याला काहीच वाटले नाही? मुंबईत महापालिकेच्या मराठी शाळांचे वर्ग एकामागून एक ओस पडत आहेत. मी ज्या शाळेत शिकलो तेथे आज मराठीचा एकही वर्ग नाही. जी भाषा स्वतःच्या राजधानीत माघार घेत आहे, तिच्यावर साम्राज्यवादाचा आरोप करणे म्हणजे तिच्या शत्रूंना हातभार लावणे आहे. हिंदीची सक्ती दिल्लीच्या राजकारणातून आली होती, मराठी ही या राज्याची भाषा आहे, आणि हा फरक ज्याला दिसत नाही त्याच्याशी बोलून उपयोग नाही.

बोरिवली

मराठी शाळा बंद पडतात त्या मराठी पालकांनी इंग्रजी शाळा निवडल्यामुळे. त्याचा हिशोब माडिया मुलांकडे मागू नका.

गिरगाव

हिशोब मी कोणाकडेही मागत नाही. उद्या प्रत्येक तालुका वेगळे माध्यम मागू लागला, तर राज्याला धरून ठेवणारी भाषा कोणती उरेल, एवढाच माझा प्रश्न आहे, आणि तो विचारला म्हणून मी आदिवासीविरोधी ठरत नाही.

धानोरा तालुका

गिरगावकर, आपले दुःख खरे आहे आणि मराठी शाळांसाठी आम्हीही आपल्या बरोबर उभे राहू. पण २०११ च्या जनगणनेत २९ लाखांहून अधिक लोकांनी गोंडी नोंदवली, आणि तरीही ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत, नाही. तिच्या एका शाळेने राज्य तुटेल अशी भीती बाळगण्याइतकी मराठी दुबळी आहे, असे मला वाटत नाही.

आम्ही मराठी नको असे कधीच म्हटलेले नाही. ओडिशाने २००६-०७ पासून सुरुवातीला दहा आणि पुढे एकवीस आदिवासी भाषांत प्राथमिक वर्ग चालवले, आणि तेथे मूल घरच्या भाषेतून वाचायला शिकून टप्प्याटप्प्याने उडियाकडे जाते. ज्याला एका भाषेत वाचणे कळले त्याला दुसरीत ते पुन्हा मुळापासून शिकावे लागत नाही. धडगावच्या भाऊंनी वडिलांचा कागद वाचला, त्यात त्यांची जिद्द होती. त्यांच्याबरोबर पहिलीत बसलेली आणि तिसरी-चौथीत शाळा सोडून गेलेली मुले आज कोठे आहेत, हे त्यांनीच सांगावे.

धडगाव

ती मुले सुरतेकडे ऊसतोडीला जातात. हे मला सांगावे लागेल हे ठाऊक असूनच आपण विचारलेत.

ठीक आहे. पहिली-दुसरीत पावरी, सोबत बोलण्यापुरती मराठी, तिसरीपासून मराठीचे वाचन आणि इंग्रजीही मागे न ढकलता, असे कोणी लेखी देत असेल तर मी त्याला विरोध करणार नाही. मात्र शाळा सरकारमान्य असली पाहिजे, शिक्षक पगारी आणि कायम असला पाहिजे. तोवर माझी मुलगी आहे त्याच शाळेत राहील.

कोथरूड

म्हणजे दाखल्याचा माझा प्रश्न अखेर मान्य झाला.

धानोरा तालुका

तो प्रश्न आमचाच आहे. शाळेला मान्यता द्या, असेच ग्रामसभा मागत आहे. दाखला चालत नाही याचा दोष गावाला देण्याऐवजी आपण तेवढ्याच आग्रहाने शिक्षण विभागाला पत्र लिहावे. मसुदा मी येथेच टाकतो, ज्यांना सही करायची असेल त्यांनी करावी.

मेळघाट, निवृत्त शिक्षक

त्यात शिक्षकाच्या नेमणुकीत भाषेची अट असावी, हे कलम घाला. ते असेल तरच माझी सही धरा.