मदत हवी आहे: पाकातल्या मिरच्या चिवट होतात
बागेतल्या जाड सालीच्या हिरव्या मिरच्यांचा दुसरा तोडा निघालाय, साधारण १ किलो. पहिल्या तोड्याच्या गोड-तिखट पाकातल्या मिरच्या केल्या: ३ वाट्या साखर, १ वाटी व्हिनेगर, उकळी आल्यावर चकत्या टाकून १० मिनिटं मध्यम आचेवर. चव सुरेख आली, पण चकत्या आक्रसल्या, कडा आत वळल्या, साल दाताखाली चामड्यासारखी लागते. चौथ्या दिवशी बरणीच्या तळाशी साखरेचे खडे! पुढच्या घाण्यात ४ मिनिटांतच गॅस बंद केला, तर मिरची करकरीत राहिली पण पाक पाण्यासारखा.

बिया काढत नाही, तिखटपणा हवाच. बरणी फ्रिजमध्ये असते. टिकायला हवं म्हणून व्हिनेगर कमी करायचं नाही. आता चकत्या ४ मिनिटांनी उपसून नुसता पाक आटवावा, की रोज थोडा घट्ट करत ३-४ दिवस मुरवाव्यात?