मदत हवी आहे: ख्रिसमस एल या बिअरची चव शब्दांत कशी सांगायची? (तातडीचं, उद्याच हवंय)

ल्युव्हेनकर
उद्या संध्याकाळी ऑफिसात प्रत्येकाने एकेका बिअरवर चार वाक्यं बोलायची आहेत. माझ्या वाट्याला ख्रिसमसवाली आलीये. काल घरी एक बाटली उघडून पाहिली. सर्दी झाल्यावर आजी काढा द्यायची, त्याच्यापलीकडे काही सुचत नाही. कडसर, जळजळीत, लवंग. बाकीचे 'सुकामेवा', 'कॅरमल' असलं काय काय धडाधड बोलतात. बाटली बिघडलेली आहे की माझी जीभ? लवकर सांगा. नेटवरची वाक्यं नकोत, ती तिथे सगळ्यांनी वाचलेली असतात.

माल्टोबा
ख्रिसमसवाली म्हणजे कुठली? बेल्जियममध्ये कितीतरी दारूभट्ट्या नाताळसाठी एक काढतात. नाव? किती टक्के? किती गार होती? ग्लास कसला?

ल्युव्हेनकर
खाऊडन कारोलुस ख्रिसमस. १०.५ टक्के. ग्लास आपला नेहमीचा.

नुसताच_वाचक
'गाउडन' ना?

ल्युव्हेनकर
इथे 'ख' म्हणतात. प्लीज, चवीचं बोला.

श्रीरंग_अँटवर्प
'ख' पण नाही. हॉलंडवाले घसा खरवडतात, बेल्जियममधले फ्लेमिश लोक तोच वर्ण मऊ करतात. बाकी कारोलुस म्हणजे सम्राट पाचवा चार्ल्स, त्याच्या सोन्याच्या नाण्यावरून हे नाव. तो लहानाचा मोठा झाला मेखेलेनमध्ये, आणि ही बिअर बनते तीही तिथेच, हेट आंकर दारूभट्टीत. हे सांग, चार वाक्यं तिथेच संपतील.

माल्टोबा
श्रीरंग, त्याला इतिहासाचा पेपर नाहीये. ल्युव्हेनकर, 'नेहमीचा' ग्लास म्हणजे पाण्याचा का? आणि गार किती, ते राहिलंच.

ल्युव्हेनकर
हो, स्टीलचा. फ्रिजमधून काढली आणि ओतली. सगळी.

माल्टोबा
झालं! फ्रिज ४ अंशांवर असतो. एवढ्या गारठ्यात वास झोपलेला असतो, जिभेला लागतो तो फक्त कडवटपणा आणि गॅसचा चटका. अर्धा तास बाहेर ठेव, १० अंशांच्या पुढे जाऊ दे. काचेचा फुगीर पोटाचा ग्लास घे, वाईनचा चालेल. आणि 'सगळी' ओतायची नाही रे, तळाशी यीस्टचा गाळ असतो. शेवटचं बोटभर बाटलीतच राहू दे. लवंगेचं म्हणशील तर ती यीस्टचीच.

पेडणेची_बाय
यीस्टची कशी? मसाल्याची बिअर आहे, मसाला घातलेलाच असणार.

माल्टोबा
बाय, जर्मनांच्या गव्हाच्या बिअरमध्ये पाणी, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स (कडवट फुलं) आणि यीस्ट सोडून काही नसतं. तरी लवंग आणि केळं येतं. ते यीस्टच तयार करतं. मी घरी पाच वर्षं बिअर बनवतोय.

पेडणेची_बाय
बनवा हो. पण प्रश्न जर्मन बिअरचा नाही. हिच्यात सहा प्रकारच्या वनस्पती आणि मसाले असतात, हे कंपनीच सांगते. ऑगस्टच्या शेवटी शिजवतात, मग काही महिने मुरू देतात. मसाला मुरायला वेळ लागतो, हे लोणचं घालणाऱ्या बाईला शिकवू नका.

माल्टोबा
दोन्ही असेल. पण यीस्ट विसरू नका, एवढंच.

अण्णा_सदाशिव
काढाच प्यायचा तर सुंठ, गवती चहा आणि तुळस उकळून प्या. पैसेही वाचतील.

काकवी
ल्युव्हेनकर, आधी काय खाल्लं होतंस?

ल्युव्हेनकर
ठेचा-भाकरी. त्याचा काय संबंध?

काकवी
अरे देवा. तिखटाने पेटलेल्या जिभेवर साडेदहा टक्के! जळजळ तिथली आहे. आज आधी साधा वरणभात खा. मग एकेक घोट घे आणि कॅरमल-बिरमल शोधू नकोस, स्वयंपाकघरातल्या डब्यांची झाकणं उघडत जा. ज्येष्ठमध? जायफळ? संत्र्याची साल? गूळ की काकवी? गूळ आणि काकवी एक नाही, गूळ नुसता गोड, काकवीला करपल्याची किनार असते. घोट गिळल्यावर काय उरतं तेही बघ, खरी गंमत तिथेच आहे.

पेडणेची_बाय
आणि सोबत दोदोल असेल तर बघाच. नारळाचं दूध आणि काळा गूळ. आमच्याकडे नाताळाला असतोच.

नुसताच_वाचक
दोदोलची कृती द्या ना.

श्रीरंग_अँटवर्प
एक राहिलं. ३३० मिलीची ती एक बाटली म्हणजे साध्या ५ टक्क्यांच्या दोन. उद्या सायकल ऑफिसातच ठेव.

ल्युव्हेनकर
रात्रीचे साडेअकरा. वरणभात, वाईनचा ग्लास, अर्धा तास बाहेर. गाळ तळातच ठेवला. ही वेगळीच बिअर आहे राव.

रंग चिंचेच्या कोळासारखा, उजेडात धरला की माणकासारखा लाल. नाकाशी नेल्यावर आधी भिजवलेल्या मनुका, मग ज्येष्ठमध. पहिला घोट काकवी, गूळ नक्की नाही. मधे संत्र्याच्या सालीचा कडवटपणा येतो आणि गोडी आवरतो. गिळल्यावर छातीत ऊब, आणि मागे जायफळ रेंगाळतं, श्रीखंड खाल्ल्यावर राहतं तसं. लवंग आहेच, पण आता ती एकटी बोलत नाही. शेवटी-शेवटी गोड जरा जास्त वाटलं, दुसरी बाटली मला झेपणार नाही.

आता अडचण एकच. काकवीला तिथे काय म्हणू?

श्रीरंग_अँटवर्प
'स्ट्रोप'. पावाला लावतात ते. सगळ्यांना कळेल.

माल्टोबा
लवंग मात्र यीस्टची म्हणून सांग.

पेडणेची_बाय
अजिबात सांगू नकोस.

अण्णा_सदाशिव
ही पुण्यात कुठे मिळते का?