४६२ व्हिसा, दुसरं वर्ष: शेतातले ८८ दिवस नेमके कसे मोजायचे?

प्रश्न: स्ट्रॉबेरी_बंडाबर्ग

नमस्कार मंडळी. ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या सबक्लास ४६२ (वर्क अँड हॉलिडे) व्हिसाचे साडेचार महिने उरलेत. दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी लागणारं ८८ दिवसांचं काम क्वीन्सलँडमधल्या बंडाबर्गला, पोस्टकोड ४६७०, कॉन्ट्रॅक्टरमार्फत चालू आहे. डायरीत ६१ दिवस भरलेत, त्यांचा हिशेब असा:

तोडणीचे पूर्ण दिवस ३१ (आठवड्याला कधी तीन, कधी चार). पावसामुळे तीन तासांत घरी पाठवलं असे ११. पॅकिंग शेडमध्ये सलग दोन आठवडे सोमवार ते शुक्रवार, म्हणजे १०. दुसऱ्या शेतावर रोखीने, पेस्लिपशिवाय, ९.

हॉस्टेलवाला म्हणतो, ६१ झाले, २७ राहिले. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, पावसाचे दिवस धरत नाहीत. खरं काय? स्ट्रॉबेरीही आता संपत आली आहे. पुढचे दिवस कुठे भरावेत? हॉस्टेलच्या सफाईचं काम मिळतंय, ते चालेल का?

प्रतिसाद १: मकरवृत्त

तुमचा कॉन्ट्रॅक्टर बरोबर सांगतोय. हॉस्टेलवाल्याच्या आकड्यावर विसंबून अर्ज करू नका.

नियम तीन कॅलेंडर महिन्यांचा आहे आणि त्याचे कमीत कमी दिवस ८८. एक दिवस म्हणजे त्या कामात, त्या उद्योगात जेवढ्या तासांची पाळी रूढ आहे तेवढी पूर्ण पाळी. तीन-तीन तासांचे दोन तुकडे जोडून एक दिवस होत नाही. उलटही तेच: बारा तास राबलात तरी दिवस एकच. म्हणून पावसाचे ११ सरळ वजा.

आता शनिवार-रविवार. पूर्णवेळ माणूस त्या कामावर आठवड्याला जितके दिवस असतो, तितके दिवस तुम्ही एकाच मालकाकडे भरलेत, तर सुट्टीचे दोन दिवसही हिशेबात येतात. तुमचे शेडमधले दोन आठवडे असे आहेत, तिथे पाच दिवसांचा आठवडा रूढ असेल तर १० चे १४ होतात. तोडणीच्या तीन-चार दिवसांच्या आठवड्यांना ही सवलत नाही, तिथे ३१ म्हणजे ३१.

रोखीचे ९ पेस्लिपशिवाय सध्या धरत नाही. म्हणजे ३१ अधिक १४, झाले ४५. राहिले ४३. रोजचे पूर्ण तास देणारं, आठवड्याला पाच दिवसांचं काम मिळालं तर सहा आठवडे आणि वर एक दिवस. चार दिवसांचंच मिळालं तर अकरा आठवडे. नवं काम निवडताना ताशी दरापेक्षा हा फरक आधी विचारा. आणि ८८ वर थांबू नका, आठ-दहा दिवस जास्तीचे ठेवा. अधिकाऱ्याने दोन-तीन दिवस अमान्य केले तरी अर्ज तगला पाहिजे.

हॉस्टेलची सफाई चालणार नाही. शेतावरच्या राहण्याच्या जागेची सफाई, शेतमालकाची मुलं सांभाळणं, वायनरीच्या दुकानात वाइन विकणं, हे शेताच्या कुंपणाच्या आत घडलं तरी शेतीकाम नव्हे. लागवड, तोडणी, छाटणी, माल निघाल्यावर लगेचचं पॅकिंग, जनावरांची निगा, लोकर कातरणं, कत्तलखान्यातलं काम, हे सगळं चालतं.

हॉटेलकामाबद्दल लोक हमखास गोंधळतात. ४६२ वर पर्यटन आणि हॉटेलचं काम धरतात, पण ते उत्तर ऑस्ट्रेलियात किंवा दुर्गम म्हणून यादीत असलेल्या भागात केलेलं असावं लागतं. क्वीन्सलँडमध्ये उत्तर भाग म्हणजे मकरवृत्ताच्या वर. केर्न्सच्या हॉटेलात भांडी घासलीत तर दिवस मिळतो, बंडाबर्गच्या हॉटेलात तेच केलंत तर मिळत नाही. खाणकामाचे व्हिडिओ बघून तिकडे धावू नका. ते सबक्लास ४१७ (काही इतर देशांना मिळणारा वर्किंग हॉलिडे व्हिसा) वाल्यांसाठी आहे, भारतीय पासपोर्टला ४६२ मिळतो आणि ४६२ च्या यादीत खाणकाम नाही.

प्रतिसाद २: पेस्लिप_आधी

वरच्या हिशेबाशी सहमत. मी फक्त पुराव्याचं सांगतो, कारण काम खरं असूनही अर्ज इथेच अडकतो.

ते ९ रोखीचे दिवस. त्या शेताकडे आज लेखी, मेसेजवर का होईना, पेस्लिप मागा. पगार झाल्यावर एका कामकाजाच्या दिवसात पेस्लिप देणं हे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, तो उपकार करत नाही. दिली तर दिवस मिळाले. नाही दिली तर अर्जात ते लिहू नका. बिनपगारी किंवा कायदेशीर दरापेक्षा कमी पैशातलं काम धरत नाहीत. नुसत्या जेवण-निवाऱ्यावर केलेलं स्वयंसेवी कामही २०१५ च्या डिसेंबरपासून बाद आहे.

कागद असे जमवा: सर्व पेस्लिपा, पगार जमा झाल्याचे बँक स्टेटमेंट, फॉर्म १४६४ वर (काम केल्याचा दाखला) मालकाची सही आणि त्याचा एबीएन (व्यवसायाचा नोंदणी क्रमांक). १२६३ नंबरचा फॉर्म ४१७ चा आहे, हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावरून चुकून तो उचलू नका. कॉन्ट्रॅक्टरचं ऑफिस ब्रिस्बेनला असलं तरी बिघडत नाही, पोस्टकोड प्रत्यक्ष शेताचा बघतात. पण पेस्लिपवर बहुतेक वेळा ऑफिसचाच पत्ता असतो. म्हणून फॉर्मवर शेताचा पूर्ण पत्ता घालून घ्या आणि रोस्टरचे मेसेज जपून ठेवा. शेत सोडायच्या आदल्या आठवड्यातच सही घ्या. हंगाम संपला की सुपरवायझरही पुढच्या गावी गेलेला असतो.

आपल्या लोकांच्या बाबतीत एक खास भानगड होते, ती नावाची. आपल्या पासपोर्टवर बऱ्याचदा स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं नाव येतं आणि मग आडनाव. शेतावर नोंद होते फक्त पहिल्या नावाची, बँकेत आणखी तिसरंच. कामाच्या पहिल्या दिवशी टॅक्स फाइल नंबरचा फॉर्म भरताना पासपोर्ट समोर ठेवा आणि अक्षर न् अक्षर तसंच लिहा. पहिली पेस्लिप आली की नाव, एबीएन, तारखा, तास तपासा. चूक त्याच आठवड्यात दुरुस्त होते, तीन महिन्यांनी कोणी दाद देत नाही.

‘इतके डॉलर द्या, दिवस भरून देतो’ म्हणणारे भेटतील. खोट्या कागदावर अर्ज नामंजूर होतो आणि पुढची तीन वर्षं बहुतेक व्हिसांची दारं बंद होतात. एवढ्या मेहनतीवर असं पाणी सोडू नका.

प्रतिसाद ३: केळीची_बाग

पुढचं काम कुठे, त्याचं उत्तर.

तुम्हाला सलग आठवडे हवेत, तर उत्तर क्वीन्सलँडमधल्या टली आणि इनिसफेल या केळीच्या पट्ट्यात जा. तिथे केळी बारा महिने निघतात, हंगाम संपला म्हणून घरी बसावं लागत नाही. मजुरीही बहुतेक ठिकाणी तासावर असते. टली हे ऑस्ट्रेलियातल्या सर्वात पावसाळी गावांपैकी आहे, पण केळीची तोडणी पावसातही चालू राहते आणि पॅकिंग तर छपराखालीच असतं. स्ट्रॉबेरीसारखा दिवस वाया जात नाही.

काम मात्र अंगावर येणारं आहे. कापणारा बुंध्याला खाच देतो, झाड वाकतं, घड खाली उभ्या माणसाच्या खांद्यावर येतो, मग दांडा तोडतात. घडाचं वजन ४०-५० किलोच्या घरात जातं, चिखलात तो उचलून ट्रेलरवर ठेवायचा. खांद्यावर गादी घेतल्याशिवाय आणि पाय रोवल्याशिवाय घड घेऊ नका. पहिल्याच आठवड्यात पाठ गेली तर ४३ चे ४३ दिवस तसेच राहतील. कंबर साथ देत नसेल तर सरळ शेडमध्ये फण्या कापायचं किंवा खोकी भरायचं काम मागा, दिवस तितकाच धरला जातो.

त्या पट्ट्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आहे. मुंबईच्या पावसाळ्यात ऐकतो तोच, उंदरांच्या लघवीतून पसरणारा. हातापायाला खरचटलं असेल तर पाणी आत न जाणारी पट्टी लावा, हातमोजे घाला, आणि ताप-अंगदुखी आली की डॉक्टरांना ‘केळीच्या बागेत काम करतो’ हे आधी सांगा.

दुसरा पर्याय आंब्याचा, नॉर्दर्न टेरिटरीत कॅथरीन आणि डार्विनकडे, साधारण सप्टेंबर ते डिसेंबर. पैसे बरे, पण एकेका शेतावर हंगाम थोड्या आठवड्यांचा, त्यामुळे मधे खंड पडतो. आंब्याचा चीक अंगावर उडाला की कातडी भाजते, कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. लांब बाह्या, डोळ्याला चष्मा. चिकाची अ‍ॅलर्जी असेल तर तिकडे जाऊच नका.

पीस रेटचंही (तासावर नव्हे, तोडलेल्या मालावर मजुरी) तपासा. २८ एप्रिल २०२२ पासून फळ-भाजीच्या शेतात पीस रेटवाल्यालाही ताशी किमान वेतनाची हमी आहे. कॅज्युअलला (कायम नसलेल्या कामगाराला) मिळणारं २५ टक्के जास्तीचं लोडिंग धरून तो दर जुलै २०२५ पासून तासाला ३० डॉलरच्या वर आहे, म्हणजे सात तासांचे २१० च्या खाली येता कामा नयेत. बादल्यांच्या हिशेबाने १४० च झाले असतील तर वरचे निदान ७० मालकाने भरायचे. त्यासाठी तुमचे तास नोंदलेले हवेत, म्हणून डायरीत नुसती तारीख नको, सुरू आणि बंद केल्याची वेळही लिहा. क्वीन्सलँडमध्ये लेबर हायर (मजूर पुरवणाऱ्या) कॉन्ट्रॅक्टरला परवाना लागतो आणि परवान्यांची यादी ऑनलाइन उघडी आहे. बस पकडण्याआधी नाव शोधा.

स्ट्रॉबेरी_बंडाबर्ग

खूप आभार. पेस्लिप आजच मागतो आणि टलीला फोन करतो. शेवटचं एक: दुसऱ्या व्हिसाला पुन्हा बॅलटमध्ये (सोडतीत) नाव यावं लागतं का?

प्रतिसाद: मकरवृत्त

नाही. वर्षाला १००० जागांचा बॅलट फक्त पहिल्या ४६२ साठी आहे. दिवस पुरे झाले की इमिअकाउंटमधून (इमिग्रेशन खात्याच्या ऑनलाइन अकाउंटमधून) थेट अर्ज. ३१ वा वाढदिवस यायच्या आत आणि चालू व्हिसा संपायच्या आत भरा. ऑस्ट्रेलियात राहून अर्ज केलात तर निकाल लागेपर्यंत देशाबाहेर जाऊ नका, मंजुरीच्या दिवशी इथेच असावं लागतं. घरी लग्नकार्य असेल तर तिकीट काढायच्या आधी हे बघा. आणि तिसऱ्या वर्षाचा विचार असेल तर त्याला सहा महिने लागतात, कमीत कमी १७९ दिवस, तेही दुसऱ्या व्हिसावर केलेले. आत्ताचे जास्तीचे दिवस त्यात जमा होत नाहीत.