मॉन्टगोमेरी काउंटीतले व्हॉलंटियर फायरवाले
वर कुणीतरी लिहिलंय की अमेरिकेत मेरीलँडच्या मॉन्टगोमेरी काउंटीत (म्हणजे जिल्ह्यासारखा भाग) फायर ब्रिगेड पहिल्यापासून सरकारीच होती, तर तसं नाहीये. तिथे सुरुवातच गावकऱ्यांनी केली, टाकोमा पार्कचं व्हॉलंटियर फायर डिपार्टमेंट १८९४ चं, मग सिल्व्हर स्प्रिंग, रॉकव्हिल अशी एकेका गावाची उभी राहिली, गाडी-बिडी सगळं वर्गणीतून. पगारी माणसं नंतर आली, कारण वस्ती वाढली आणि दिवसा सगळे कामावर, मग हाकेला धावणार कोण?

रेस्क्यू स्क्वाडची, म्हणजे संकटातल्या माणसांना वाचवणाऱ्या पथकांची, गोष्ट तर मला फारच भिडते. शेजारच्या व्हर्जिनियात रोअनोकला ज्युलियन वाइजने लहानपणी नदीत दोन माणसं बुडताना पाहिली, वाचवायला कुणालाच जमलं नाही, ते त्याच्या डोक्यात राहिलं आणि १९२८ मध्ये त्याने रेल्वेतले सहकारी घेऊन पथक काढलं. मॉन्टगोमेरीतलं बेथेस्डा-चेव्ही चेसचं स्क्वाड १९३७ चं.

आणि हो, २०१० मध्ये अँब्युलन्सची फी लावायचा कायदा मतदानाला आला तेव्हा ह्याच व्हॉलंटियर्सनी विरोधात दारोदार प्रचार केला, लोकांनी तो पाडला. २०१२ मध्ये काउंटीच्या काउन्सिलने फी परत आणलीच, मला ते अजिबात पटलेलं नाही.