मदत हवी आहे: नवऱ्याशी पैशांचा विषय कसा काढू?

लग्नाला 6 वर्षं झाली, दोघंही कमावतो. घरखर्चाचा हिशोब मी ठेवते, कर्जाचे हप्ते आणि क्रेडिट कार्ड तो बघतो. ही वाटणी कधी ठरवली नव्हती, आपोआप पडली. गेल्या आठवड्यात विम्याचा कागद शोधताना त्याच्या कार्डाचं स्टेटमेंट हाती लागलं. मागची थकबाकी, तिच्यावर व्याज, आणि भरणा फक्त किमान रकमेचा. सलग 5 महिने.

रक्कम आमच्या शिलकीतून फिटेल एवढीच आहे. मनाला लागलं ते वेगळंच. याच 5 महिन्यांत सुट्टीत कुठे जायचं यावर आम्ही कितीदा बोललो, आणि तो प्रत्येक बेताला हो म्हणत राहिला.

पैशांचं बोलणं आमच्याकडे नेहमी एकाच ठिकाणी अडतं. मी विचारते, "एवढे कशाला लागले?" तो म्हणतो, "बघतो मी." मी पुन्हा विचारते, तो उठून जातो. आता वाटतं, माझा सूरच जाब विचारल्यासारखा असणार. लहानपणी घरात पैशांची ओढाताण पाहिली आहे, त्यामुळे पै न पै लिहून ठेवल्याशिवाय मला झोप येत नाही. त्याला मात्र ती वही बघूनच धडकी भरत असेल.

स्टेटमेंट पाहिलं हे त्याला सांगू, की तो स्वतःहून सांगेल म्हणून थांबू? आणि दोघांचे पगार एकाच खात्यात आणावेत का?

प्रतिसाद

आधी सांगून टाका. मी ही चूक केली आहे. बायकोची थकबाकी मला कळली होती, तरी मी साळसूदपणे विचारलं, "काही भरायचं राहिलंय का?" ती नाही म्हणाली. पुढे तिला कळलं की मला ठाऊक होतं. मग कर्ज राहिलं बाजूला, आम्ही 3 आठवडे त्या एका 'नाही'वरून भांडत होतो. माहीत असून विचारणं म्हणजे सापळाच.

"कागद शोधताना तुझं स्टेटमेंट पाहिलं, तू एकट्यानं हे ओढत होतास याचं वाईट वाटलं," एवढंच बोला आणि थांबा. तो लगेच बोलणार नाही. ती शांतता तुम्ही भरून काढू नका.

प्रतिसाद

बोलणं लांबवू नका, कारण व्याज थांबत नाही. समजा दर महिना 3 टक्के आहे आणि किमान रक्कम थकबाकीच्या 5 टक्के. भरलेल्या 5 पैकी 3 व्याजातच जातात, मूळ रक्कम उतरते जेमतेम 2 टक्क्यांनी. वर्षाला 36 टक्के वाटतात, पण व्याजावर व्याज धरलं की 42 च्या वर जातात. शिवाय मागचं पूर्ण फिटेपर्यंत बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. बचतीवर एवढं व्याज कुठेच मिळत नाही, तेव्हा अडीअडचणीपुरतं ठेवून शिलकीतून ते फेडा. तोवर कार्ड कपाटात.

सगळे पगार एका खात्यात आणा असं मी म्हणणार नाही. घरखर्च आणि हप्त्यांसाठी एक सामाईक खातं काढा. कमाई 60:40 असेल तर त्यात भरही 60:40 घाला, निम्मं-निम्मं केलं की कमी कमावणारा कायम ओढगस्तीत राहतो. उरलेल्यातली एक ठरलेली रक्कम ज्याची त्याची, तिचा हिशोब कुणी मागायचा नाही. आमच्याकडे लपवालपवी त्यानंतरच कमी झाली.

धागाकर्तीचं उत्तर

दोघांचे मनापासून आभार. सापळ्याचं वाचून चपापले, मी नेमकं तसंच विचारणार होते. रविवारी सकाळी बोलते, दोघंही दमलेले नसतो तेव्हा. आणि वही उघडायची तर आधी माझी पानं दाखवेन. 'किरकोळ' या नावाखाली मीही दोन खर्च घातले आहेत, ते त्याला अजून माहीत नाहीत.